चारच्या चहाची थाप

या, असे पुढे सरका. तिकडे कोपऱ्यात बसलात तर पावसात माझा आवाज पोचायचा नाही. गोष्ट राजाराणीची नाही, माझ्याच घरातली आहे, आणि फार लांबण लावणार नाही. पण मधेच उठू नका. मधे उठलेल्या माणसाला या गोष्टीतलं निम्मंच कळेल, आणि निम्मं कळलं तर तो मला फार चांगला माणूस समजेल.

श्रावणातला सोमवार होता. तीन वाजून गेले होते आणि मी शेडात लेथवर चौरंगाचा पाय काढत होतो. लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवायचं यंत्र. फिरत्या लाकडाला पटाशी लावली की त्याला गोलाई येते. आजऱ्याच्या अलीकडे, गावाबाहेर आमचं घर. घराच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर ही शेड. लोखंडी अँगलचा सांगाडा, भिंतींना पत्रा, वर पत्रा, दारही पत्र्याचंच. खिडकी ठेवली नव्हती, पाऊस आत येतो म्हणून. दुसरा कुणी गडी नाही. मी आत, आणि घरात आमची मंडळी. लेकीचं लग्न होऊन ती बेळगावला गेलेली.

मी देव्हारे करायचो, पाट-चौरंग करायचो. ज्यावर देव बसायचे ती वस्तू जिथे घडते तिथे चपला घालायच्या नाहीत, असा माझा नेम. मी अनवाणी आणि बायकोही अनवाणी. चपला बाहेर पायरीशी काढायच्या. निंगाप्पा वायरमन, ज्यानं शेडाचं सगळं वायरिंग केलं होतं, तो यायचा तेव्हा मात्र रबरी चप्पल काढायचा नाही. यावरून आमचं वाजायचं.

"मेस्त्री, देव माझ्या चपलंवर रागवायचा न्हाई," तो म्हणायचा. "करंट रागवतोय. तुमीबी घालत जावा."

"तुझा करंट तू सांभाळ रे. मी माझा देव सांभाळतो."

गावच्या देवळात त्या आठवड्यात गोविंदबुवांचं कीर्तन लागलं होतं. कीर्तन म्हटलं की मला तहानभूक राहत नाही. बुवांच्या मागे झांज धरून उभं राहायचा मान माझा. त्यात बुवांनी यंदा एक नवंच आख्यान रचलेलं. एका राजाला शत्रूनं गुहेत कोंडलंय, गुहेच्या तोंडाशी विखारी नाग सोडलेत, आणि राणी त्याला सोडवायला धावत येतेय. राजा आतून टाहो फोडतो, "नको गं येऊ, माघारी फिर!" बुवा तो टाहो असा लावायचे की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. मी आठवडाभर लेथवर काम करता करता तोच टाहो लावत होतो. यंत्राच्या घरघरीत गळा मोकळा सोडता येतो, कुणी हसत नाही. निदान समोर तरी.

आता त्या दाराबद्दल सांगायला हवं. अँगल जरा झुकला होता, त्यामुळे आतली कडी अडकायची. दार वर उचलून धरल्याशिवाय ती सरकत नसे. त्यात यंत्राच्या आवाजात मला हाक ऐकू येत नसे. म्हणून आमच्यात एक रीत पडली होती. रोज चारला बायको चहा घेऊन यायची, पत्र्यावर तळव्यानं दोन थापा मारायची, कप पायरीवर ठेवायची, आणि दोन्ही मुठींनी दाराची कड धरून दार वर उचलायची. मग मी आतून कडी ओढायचो. तेवीस वर्षांत ते दार एकट्यानं उघडलेलं मला आठवत नाही.

तर त्या सोमवारी, पाय निम्मा उतरला असेल, दिव्याचा उजेड एकदम तांबूस झाला. लेथ मंदावला. रबर जळाल्याचा वास आला. मी लेथचं बटण बंद केलं. यंत्र थांबलं, पण एक घूं असा बारीक आवाज थांबेना. तो दाराशेजारच्या लोखंडी नळीतून येत होता. त्या नळीतून घरातली वायर शेडात येत होती. म्हटलं बाहेर जाऊन बघावं. दाराकडे गेलो, कडीला हात घातला.

हात घातला म्हणण्यापेक्षा हाताची मागची बाजू लागली, एवढंच. मनगटापासून खांद्यापर्यंत कुणीतरी करवत ओढल्यासारखं झालं आणि मी मागे सागवानाच्या ओंडक्यांवर जाऊन आदळलो. कोपर फुटलं. जीभ चावली गेली. मुठीत धरली असती तर सुटलोच नसतो.

थोडा भानावर आलो तसा पाय वर ओढून घेतले. जमिनीवर पाण्याचा ओघळ आत आला होता. मी ओंडक्यांवर उकिडवा बसलो आणि चहूकडे पाहिलं. समोर पत्रा, मागे पत्रा, डोक्यावर पत्रा. वायर नळीत कुठेतरी सोलली होती, नळी सांगाड्याला जोडलेली, आणि सांगाड्याला सगळी शेड. मी एका डब्यात बसलो होतो आणि तो अख्खा डबा जिवंत झाला होता.

पण मला माझी भीती वाटली नाही, खरंच सांगतो. कोरड्या लाकडावर मी दिवसभर बसलो असतो. मला तिचे दोन ओले तळवे दिसायला लागले. आणि त्यानंतरच्या दोन मुठी.

चार वाजायला किती वेळ आहे ते कळायला घड्याळ नव्हतं. पण चारची गडहिंग्लजची एस्टी वळणावर हॉर्न द्यायची, आणि हॉर्न वाजला की ती चहा गाळायला घ्यायची. हॉर्न अजून झाला नव्हता.

एक लांब वासा घेऊन कडी सरकवायला गेलो. कडी हलली नाही. ती कशी हलेल, बाहेरून दार उचलायला कुणी नव्हतं ना! वाशानं ती नळी भिंतीपासून सुटते का पाहिलं. निंगाप्पानं तिला चार ठिकाणी असे काही पट्टे ठोकले होते की वासा मोडला, पट्टा ढिला झाला नाही. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तेवढ्यात सर जरा उतरली. श्रावणातला पाऊस असा येतो नि जातो. पत्र्यावरचा ताशा थांबला आणि स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. मी पोटातून ओरडलो, "अगं! दाराला हात लावू नकोस! इकडं येऊ नकोस!"

भांड्याचा आवाज थांबला. मला हायसं वाटलं.

"व्हय व्हय, राजे!" ती तिकडूनच म्हणाली. "राणी कणीक मळत्या. मळून झाली की फिरते माघारी!"

"अगं, आख्यान नव्हे हे! खरं सांगतोय! दाराला..."

आणि सर आली. पत्र्यावर खडी ओतावी तसा पाऊस. माझंच ओरडणं मला ऐकू येईना.

त्या गदारोळात बसलो असताना माझ्या डोक्यात एक प्रश्न आला. नळी पत्र्याला, पत्रा सांगाड्याला, आणि सांगाड्याला निंगाप्पानं मीठ-कोळसा घालून जमिनीत अर्थिंग पुरलेलं. मी स्वतः खड्डा खणायला मदत केली होती. तो म्हणाला होता, "मेस्त्री, चुकून कुठं वायर पत्र्याला लागली तर करंट ह्या वाटंनं जमिनीत जातोय, आणि त्या धक्क्यानं घरातला फ्यूज जळतोय. फ्यूज जळला की सगळं थंड." मग फ्यूज का जळला नव्हता?

प्रश्न कसला, उत्तर मला ठाऊक होतं.

आदल्या मंगळवारपासून फ्यूज तीनदा उडाला होता. निंगाप्पाला बोलावलं. त्यानं नळीला कान लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "आत कुठंतरी वायर घासत्या. यंत्र हादरतंय न्हवं, पत्र्याची धार लागत असंल. रविवारी वायर आणतो, बदलतो. तवर लेथ लावू नका." तो रविवारी आला नाही, नदीला पाणी आलं, पूल बंद झाला. आणि चौरंग तर काल्याच्या दिवशी बुवांच्या पुढे ठेवायचा ठरलेला. मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. रविवारी चौथ्यांदा फ्यूज उडाला तेव्हा मी जुन्या पंख्याच्या वायरीतली तांब्याची तार काढली, चौपदरी पिळली आणि त्या पांढऱ्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये आवळून बसवली. बायकोनं बॅटरी धरली होती.

"निंगाप्पा नको म्हणाल्यात न्हवं?" ती म्हणाली.

"त्याचं काय जातंय? देवाचं काम आहे. देवाच्या कामाला काय होतंय?"

तिनं बॅटरी मात्र स्थिर धरली.

म्हणजे जी तार जळून तिला वाचवायची, ती मी काढून टाकली होती, आणि जी जन्मात जळणार नाही ती माझ्या हातानं बसवली होती. वर देवाचं नाव घेऊन. आता देवाला काय म्हणून हाक मारायची? मी डोळे मिटले, नाम घ्यायला गेलो, तर तोंडात आख्यानातल्या राजाचाच टाहो आला. दुसरं काही येईना.

पुन्हा सर उतरली. आता मी शहाणपण केलं. म्हटलं ओरडलो की तिला गाणं वाटतं. तर गप्प बसावं. लेथ बंद, गाणं बंद, तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. मी दातावर दात दाबून बसलो.

"काय वो?" तिचा आवाज आला. "दमला व्हय? आज यंत्राचाबी आवाज न्हाई." आणि मग, "थांबा, आज बसची वाट न बघता आणते चहा. घसा शेकंल जरा. संध्याकाळी झांज धरायची हाय तुमाला."

गप्प बसून मी तिला लवकर बोलावून घेतलं होतं.

"नको! नको गं! चहा नको! येऊ नको!" मी आता ओरडलो नाही, किंचाळलो. घशातून रक्त येतंय की काय असं वाटलं. तिकडून हसू आलं. "आज आवाज काय लागलाय हो तुमचा! बुवांनी ऐकला तर तुमालाच उभं करतील पुढं!" आणि गॅस नव्हता आमच्याकडे, स्टोव्ह होता, त्या स्टोव्हचा फर्र आवाज सुरू झाला. तिनं चहा ठेवला होता.

तो चहा उकळेस्तोवर काय काय केलं मी! पटाशी फेकून पत्र्यावर मारली. आवाज झाला, पण लेथवर काम करताना रोजच काही ना काही पत्र्यावर आपटतं. लाकडी हातोडा दारावर ठोकत राहिलो. तोही आवाज रोजचाच. मला वाटलं, या घरात मी करू शकेन असा एकही आवाज उरलेला नाही जो तिच्या सवयीचा नाही. तेवीस वर्षं मी आरडाओरडा केला होता, आपटाआपट केली होती, आणि तिनं सगळं पोटात घातलं होतं.

स्टोव्ह बंद झाला.

दाराजवळ पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं. ओंडक्यावरून वाकलो की त्यातून बाहेरचा वीतभर तुकडा दिसायचा. मी डोळा त्याच्या जितका जवळ नेता येईल तितका नेला. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ती मागच्या दारातून निघाली. हातात कप, कपावर बशी उपडी. चिखलातून पाय सांभाळत ती येत होती. पायरीशी थांबली. चप्पल काढली. एक पाय, मग दुसरा. ओल्या दगडावर तिची अनवाणी पावलं मला अशी लख्ख दिसली, अजून दिसतात.

"अगं... मंदे... थांब!" मी म्हणालो. मंदाकिनी तिचं नाव. लग्नात तांदळावर अंगठीनं मीच लिहिलेलं. एका कीर्तनात ऐकलं होतं, आवडलं म्हणून. पण हाक मारायला मी ते कधी वापरलंच नाही. अगं, ऐकलंस का, कुठं गेलीस, यावरच संसार झाला. ती थांबली नाही. तिला ती हाक ओळखीची नव्हती, की पावसात विरली, कोण जाणे. तिनं कप डाव्या हातात घेतला. उजवा हात वर केला. तळवा उघडा. पिठाचा पांढरा डाग होता अंगठ्याशी, आणि त्यावरून पाणी ओघळत होतं.

त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून काढलेलं नाही. शपथ घेऊन सांगतो, ते नाव माझ्या मनातही नव्हतं.

"वेणूऽऽऽ!"

तिचा हात तसाच राहिला, पत्र्यापासून चार बोटांवर. कप पडला. आणि तिनं काय केलं माहीत आहे? दाराकडे बघितलंच नाही. मान वळवून मागे, रस्त्याकडे बघितलं. एक पाऊल मागे झाली, मग आणखी एक, पावसात डोळे बारीक करून रस्त्यावर कुणाला तरी शोधत.

"वेणू, आत मी आहे," मी म्हणालो, आणि या वेळी माझा आवाज माणसासारखा निघाला, रडका, साधा. "दाराला करंट आहे. मागे सर. घरात जा, कोरड्या पाटावर उभी राहा, आणि मेनची दांडी खाली ओढ."

ती घराकडे पळाली. थोड्या वेळानं तो तांबूस दिवा विझला आणि नळीतली घूं थांबली. मी तरी ओंडक्यावरून उतरेना. तीच परत आली. "ओढली," म्हणाली. मग दोन्ही मुठींनी तिनं दार उचलून धरलं आणि मी कडी ओढली. ती माझं कोपर बघत होती, मी तिचे तळवे बघत होतो.

पूल दुसऱ्या दिवशी मोकळा झाला. निंगाप्पा आला. त्यानं आधी फ्यूज बाहेर ओढला, आणि माझ्याकडे न बघता ती तांब्याची पिळलेली तार उजेडात धरली. मला वाटलं आता बोलेल, सगळं गाव गोळा करेल. तो नुसता म्हणाला, "कुणी बसवली?"

"मी," मी म्हणालो.

"बॅटरी मी धरलेली," ती मागून म्हणाली.

निंगाप्पानं तार खिशात घातली. "मेस्त्री, फ्यूजची तार जळती म्हणून तुमाला राग येतोय. अवो, जळावी म्हणूनच तर ती असतीय तितं." एवढंच बोलून तो कामाला लागला. जाताना त्यानं आपली जुनी रबरी चप्पल पायरीशी सोडली. मी ती घातली. पुढे मरेस्तोवर त्यानं त्या तारेचं नाव काढलं नाही.

पण मला सांगायचंय ते आदल्या संध्याकाळचं. मी त्या दिवशी कीर्तनाला गेलो नाही. झांज तशीच खुंटीला. घरात दिवा लावायची माझी छाती झाली नाही म्हणून आम्ही समईच्या उजेडात बसलो होतो. देवळाकडून बुवांचा आवाज येत होता. राजाचा टाहो सुरू झाला तसं मी कानांवर हात ठेवले. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "मला वाटलं आईच हाक मारत्या."

तिची आई जाऊन सोळा वर्षं झाली होती.

"रस्त्यावर बघितलं मी," ती म्हणाली. "येडीच की. पर आई तशीच हाक मारायची. लांबवून. तुमाला कुठलं ठावं ते माझं माहेरचं लाडाचं नाव? मी तर कदी सांगितलं न्हाई."

मग मला आठवलं. आमचं लग्न होऊन बैलगाडी निघाली, तेव्हा एक बाई गाडीमागे पळत आली होती. वेशीपर्यंत. "वेणूऽ, वेणूऽऽ" करत. पायात काही नाही. मी गाडीत शेला सावरून बसलेलो. मुहूर्तानं घरी पोचायची घाई होती मला. गाडीवानाला म्हणालो होतो, हाक रे, उशीर होतोय. ती बाई मागे लहान लहान होत गेली आणि तिची हाक तेवढी कानात शिरून बसली असणार. कुठे बसली होती इतकी वर्षं, देवाला ठाऊक. ज्या नावावर मी तांदळात रेघ मारली, त्या नावानं माझ्या बायकोचा हात अडवला.

मी हे सगळं तिला सांगितलं. गाडी हाकायला सांगितली तेसुद्धा. ती तांदळातला खडा बाजूला काढत राहिली. म्हणाली, "आईला दिसत व्हतं. घाई तुमाला व्हती, ते तिला दिसत व्हतं." मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पुना एकदा मारा की हाक."

मी मारली. त्यानंतर अठरा वर्षं मारत राहिलो. वेणू गेल्या माघात गेली, अगदी शांतपणे, झोपेत. तिची आठवण काढायला मी आहे, लेक आहे, गाव आहे. तिच्यासाठी काही मागत नाही मी तुमच्याकडे.

पण जिची ती हाक होती, त्या माउलीचं नाव मला माहीत नाही. तिच्या गावात तिला सगळे वेणूची आईच म्हणायचे, आणि वेणूला विचारायचं माझं राहून गेलं. आता सांगणारं कुणी उरलं नाही. तेव्हा आज घरी जाऊन देवापाशी दिवा लावाल ना, तर हात जोडताना एकदा, त्या गाडीमागे पळालेल्या वेणूच्या आईची आठवण काढा.